ग्रीन हायड्रोजन: लोक विचारतात ते प्रश्न आणि हिशोबासकट उत्तरं

राष्ट्रीय ग्रीन हायड्रोजन मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०२१ ला लाल किल्ल्यावरून झाली आणि ४ जानेवारी २०२३ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली. तेव्हापासून या विषयावर बातम्या भरपूर आल्या, पण बहुतेक बातम्यांत कोटींचे आकडे असतात आणि किलोचे नसतात. इथे किलोचे आहेत. जिथे आकडेमोड केली आहे तिथे ती उघडीच ठेवली आहे, म्हणजे कुणालाही कागद-पेन घेऊन पडताळता येईल.

हायड्रोजन तर रंगहीन असतो. मग ‘ग्रीन’ कशामुळे?

वायू तोच, बनवण्याची रीत वेगळी. आज आपल्या देशात वर्षाला ५० लाख टनांहून जास्त हायड्रोजन वापरला जातो आणि तो जवळजवळ सगळा नैसर्गिक वायूपासून, वाफेच्या मदतीने, मोठ्या तापमानाला बनवलेला असतो. त्याला ग्रे म्हणतात. असा एक किलो हायड्रोजन बनवताना ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तोच कार्बन डायऑक्साइड पकडून जमिनीखाली गाडला तर ब्लू. आणि सौर किंवा पवन विजेवर पाण्याचं विघटन करून बनवला तर ग्रीन.

भारत सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये याची मर्यादा आकड्यात ठरवली: एक किलो हायड्रोजनमागे २ किलोपेक्षा जास्त उत्सर्जन नको, आणि हे मोजायचं बारा महिन्यांच्या सरासरीने. या व्याख्येत पिकांच्या काडीकचऱ्यापासून बनवलेला हायड्रोजनही बसतो, हे पुष्कळांना माहीत नसतं.

साध्या महावितरणच्या विजेवर यंत्र चालवलं तर चालणार नाही का?

यंत्र चालेल, पण हेतू बुडेल. एक किलो हायड्रोजनला साधारण ५५ युनिट वीज लागते. आपल्या ग्रिडमधली वीज अजून प्रामुख्याने कोळशाची, म्हणजे युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. गुणाकार करा: ३८ किलोच्या वर. ग्रे हायड्रोजनच्या चौपट! या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा गुणाकार हाच. स्वच्छ वीज आधी, हायड्रोजन नंतर, हा क्रम उलटा करता येत नाही.

इथे एक पळवाटही आहे. आपल्याकडे फेब्रुवारी २०२२ च्या धोरणाने उत्पादकाला ३० दिवसांपर्यंत वीज ‘बँक’ करायची मुभा दिली. दुपारी जादा सौर वीज ग्रिडला द्यायची, रात्री तेवढी परत घ्यायची. कागदावर हिशोब जुळतो, पण रात्री तारेतून येते ती वीज बरीचशी कोळशाचीच असते. युरोपने सध्या महिन्याचा हिशोब चालवून घेतला आहे, मात्र २०३० पासून तासातासाचा हिशोब मागणार आहे. तिकडे माल पाठवायचा असेल तर आपल्या कारखान्यांना ही सवलत फार काळ पुरणार नाही.

मिशनमध्ये पैसे किती आहेत आणि कुणाला मिळणार?

एकूण १९,७४४ कोटी रुपये. त्यातले १७,४९० कोटी ‘साइट’ नावाच्या योजनेत: १३,०५० कोटी हायड्रोजन बनवणाऱ्यांना आणि ४,४४० कोटी इलेक्ट्रोलायझर, म्हणजे विजेने पाणी फोडणारी यंत्रं, बनवणाऱ्यांना. प्रायोगिक प्रकल्पांना १,४६६ कोटी, संशोधनाला ४०० कोटी, बाकी किरकोळ.

अनुदान आधी मिळत नाही, माल निघाल्यावर मिळतं. पहिल्या वर्षी किलोमागे जास्तीत जास्त ५० रुपये, दुसऱ्या वर्षी ४०, तिसऱ्या वर्षी ३०. मग बंद. कंपन्यांनी बोली लावताना यापेक्षा कमी मागायचं अशी ती स्पर्धा आहे. शिवाय आंतरराज्य वीजवहनाचं शुल्क २५ वर्षं माफ आहे, आणि ही सवलत डिसेंबर २०३० पर्यंत सुरू होणाऱ्या प्रकल्पांना मिळते. माझ्या मते रोख अनुदानापेक्षा ही माफी जास्त मोलाची आहे, कारण खर्चाचा मोठा वाटा विजेचाच.

संशोधनाला ४०० कोटी मात्र फारच थोडे वाटतात.

‘५० लाख टन आणि १२५ गिगावॅट’ या आकड्यांचा एकमेकांशी काय संबंध?

२०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन ग्रीन हायड्रोजन, हे उद्दिष्ट. ५० लाख टन म्हणजे ५०० कोटी किलो, गुणिले ५५ युनिट, म्हणजे २७,५०० कोटी युनिट. एक मेगावॅटचा सौर प्रकल्प वर्षभरात आपल्या क्षमतेच्या साधारण २५ टक्के वीज देतो, म्हणजे २२ लाख युनिटच्या आसपास. भागाकार केला की १,२५,००० मेगावॅट, म्हणजेच १२५ गिगावॅट येतात. आकडा हवेतून आलेला नाही.

सगळं सौरच धरलं तर मेगावॅटला चार-पाच एकर जमीन, म्हणजे पाच-सहा लाख एकर. प्रकल्पाच्या उद्घाटनाच्या भाषणात हा आकडा सहसा येत नाही.

घरी गॅसऐवजी हायड्रोजन कधी येणार?

माझं उत्तर: येऊ नये, आणि बहुधा येणारही नाही.

हायड्रोजन अतिशय विरळ वायू आहे. एक किलो हायड्रोजन साध्या हवेच्या दाबाला ११ घनमीटर जागा व्यापतो. स्वयंपाकघरातल्या १४.२ किलोच्या लाल सिलिंडरमध्ये जागा असते ३३ लिटरच्या आसपास. तेवढ्यात साध्या दाबाला मावतो जेमतेम ३ ग्रॅम. एलपीजी ज्या दाबाला भरतात त्या दाबाला भरला तरी २० ग्रॅम, म्हणजे पाऊण युनिटपेक्षाही कमी ऊर्जा. एलपीजीच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये ती १८० युनिटच्या आसपास असते. दाब वाढवायचा तर ३५० किंवा ७०० बारपर्यंत (साध्या हवेच्या दाबाच्या साधारण तितक्या पट) न्यावा लागतो, आणि द्रव करायचा तर उणे २५३ अंशांपर्यंत थंड करावा लागतो. डाळ शिजवायला हा खटाटोप कशाला? तीच सौर वीज इंडक्शनला दिली की काम झालं.

पण सुरतेत पाइप गॅसमध्ये हायड्रोजन मिसळतात ना?

हो. एनटीपीसीच्या कवास इथल्या वसाहतीत जानेवारी २०२३ पासून पाइप गॅसमध्ये थोडा हायड्रोजन मिसळून पाहिला गेला, सुरुवात ५ टक्क्यांपासून. त्याआधी गेलने इंदूरला असा प्रयोग केला. तंत्रज्ञान म्हणून ठीक. पण हे ५ टक्के घनफळाचे आहेत आणि हायड्रोजनमध्ये घनफळामागे ऊर्जा नैसर्गिक वायूच्या एक तृतीयांश. म्हणजे ५ टक्के मिसळून कार्बनची बचत दीड-पावणेदोन टक्के. महाग वस्तू इतक्या स्वस्त कामाला लावणं मला पटत नाही.

मग हा वापरायचा तरी कुठे?

जिथे हायड्रोजन आत्ताच वापरला जातो तिथे. लोकांच्या डोक्यात हायड्रोजन म्हटलं की गाडी येते, पण तो आधी कारखान्यातला कच्चा माल आहे. त्याची मुख्य गिऱ्हाइकं दोन: तेलशुद्धीकरण आणि खत.

रिफायनरीत डिझेल-पेट्रोलमधलं गंधक काढायला हायड्रोजन लागतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंधन आलं तेव्हा गंधकाची मर्यादा आणखी खाली आली आणि ही गरज वाढली. माहुलच्या दोन्ही रिफायनऱ्या मुंबईकरांना ओळखीच्या आहेत. तिथे यंत्रसामग्री तीच ठेवून फक्त हायड्रोजनचा उगम बदलायचा आहे.

खतांचं प्रकरण जास्त गमतीचं आहे, म्हणून जरा थांबतो. हायड्रोजन आणि हवेतला नायट्रोजन यांपासून अमोनिया होतो, अमोनियापासून खत. मग ग्रीन अमोनिया आणला की युरिया ग्रीन झाला, असं वाटेल. तसं होत नाही. युरियाच्या रेणूत कार्बन असतो. एक टन युरियाला साधारण ०.५७ टन अमोनिया लागतो आणि त्याबरोबर ०.७३ टन कार्बन डायऑक्साइडही. हा कार्बन डायऑक्साइड कारखान्याला आज फुकट मिळतो, कारण नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढताना तोच शेजारून बाहेर पडतो. वायू बंद करून पाण्यापासून हायड्रोजन घेतला तर युरियासाठी कार्बन डायऑक्साइड आणायचा कुठून?

म्हणून अलिबागजवळच्या थळ कारखान्याचा युरिया सहजासहजी ग्रीन होणार नाही. डीएपी आणि संयुक्त खतांना ही अडचण नाही, त्यांना फक्त अमोनिया हवा असतो. तुर्भ्याला (ट्रॉम्बे) बनणारं सुफला, तळोज्याची मिश्र खतं, गोव्यात झुआरीनगरच्या कारखान्यातली एनपीके, या बाजूने सुरुवात होऊ शकते. केंद्राने अमोनियाचा जो पहिला मोठा लिलाव काढला तो १३ खत कारखान्यांसाठी, वर्षाला ७.२४ लाख टनांचा. आपण अमोनिया मोठ्या प्रमाणावर आयात करतो, त्यामुळे इथे बदललेला प्रत्येक टन परकीय चलन वाचवतो.

तिसरं गिऱ्हाईक पोलाद. ते अजून दारात यायचं आहे.

पोलादाचं काय अडलं आहे?

दर. लोहखनिजातला ऑक्सिजन काढायला आज कोळसा वापरतात. त्याऐवजी हायड्रोजन वापरला तर धुराड्यातून वाफ निघते. टनाला साधारण ५५ किलो हायड्रोजन लागतो. किलोला ३०० रुपये धरले तर १६,५०० रुपये फक्त हायड्रोजनचे. पोलादाचा भाव टनाला पन्नास हजारांच्या आसपास असताना हा बोजा कोण उचलणार?

ज्यांच्याकडे वायूवर चालणारी स्पंज आयर्नची (खनिज न वितळवता लोखंड काढणारी) भट्टी आहे, जशी रायगडमध्ये डोलवीला आहे, त्यांना वायूत हळूहळू हायड्रोजन मिसळणं तुलनेने सोपं. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या कोळशावर फिरणाऱ्या भट्ट्यांना ते जमत नाही, तिथे भट्टीच बदलावी लागेल. कर्नाटकात विजयनगरला जेएसडब्ल्यूने २०२५ मध्ये वर्षाला ३,८०० टनांचा ग्रीन हायड्रोजन प्रकल्प पोलादासाठी सुरू केला. भागिले ५५ किलो करा: सत्तर हजार टनांपुरता. त्या कारखान्याच्या आकारमानात हे फार थोडं आहे, पण सुरुवात खरी आहे, निव्वळ सामंजस्य करार नाही.

युरोपने १ जानेवारी २०२६ पासून आयात पोलादावर कार्बन शुल्क लावायला सुरुवात केली आहे. तो जसजसा वाढेल तसतसा वरचा हिशोब बदलेल.

आत्ता भाव काय चालला आहे?

सरकारी निविदांमधून कळतो तो भाव मी खरा मानतो, परिषदांमधल्या स्लाइडवरचा नाही.

इंडियन ऑइलच्या पानिपत रिफायनरीसाठी वर्षाला १०,००० टनांची निविदा निघाली, तिचा दर आला किलोला ३९७ रुपये. त्यानंतर हिंदुस्थान पेट्रोलियमच्या विशाखापट्टणमसाठी ५,००० टनांची, दर ३२८ रुपये. ग्रे हायड्रोजन गॅसच्या भावानुसार वरखाली होत साधारण दोनशेच्या आसपास पडतो.

अमोनियाच्या लिलावाने मात्र सगळ्यांना चकित केलं. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दर फुटायला लागले. पारादीपच्या कारखान्यासाठी किलोला ५५.७५ रुपये, आणि पुढे सगळ्यात कमी बोली ४९.७५ रुपयांची आली. दहा वर्षं हाच दर. अमोनियात वजनाने १७.६ टक्के हायड्रोजन असतो. ४९.७५ रुपयांचा अख्खा बोजा हायड्रोजनवर टाकला तरी किलोला २८० च्या आसपास येतात, आणि त्यात अमोनिया बनवण्याचा खर्च धरलेला आहे! म्हणजे या बोलीमागे हायड्रोजन अडीचशेच्या आत बनवायचा हिशोब असणार. ग्रे अमोनिया मार्च २०२५ मध्ये टनाला ५१५ डॉलर होता, पारादीपचा दर टनाला सुमारे ६४१ डॉलर पडतो. अंतर आहे, पण दुप्पट-तिप्पट राहिलेलं नाही.

बोली लावणं एक आणि त्या दरात दहा वर्षं माल पुरवणं दुसरं, हे सौर ऊर्जेच्या लिलावांनी आपल्याला शिकवलं आहे. पण या लिलावात एक गोष्ट नीट झाली: गिऱ्हाईक आधी ठरलं. कुठला कारखाना, किती टन, किती वर्षं, सगळं लिहिलेलं. बँक कर्ज देते ती अशा कागदावर.

इतका महाग का पडतो? पाणी आणि ऊन तर फुकट आहे.

ऊन फुकट, वीज नाही. ५५ युनिट गुणिले ४ रुपये, २२० रुपये इथेच झाले. नुसती दुपारची सौर वीज अडीच रुपयांना मिळाली तर १३७ रुपयांत भागेल, पण मग कोट्यवधींचं यंत्र दिवसातले सहा तास चालणार आणि अठरा तास नुसतं उभं राहणार. व्याज मात्र चोवीस तास चालू. चोवीस तास स्वच्छ वीज हवी तर पवन, बॅटरी किंवा उदंचन जलविद्युत (जादा विजेने पाणी वर चढवून, नंतर ते सोडून वीज घेणं) जोडावी लागते, म्हणजे युनिटचा भाव चढतो. सह्याद्रीत शिरवता आणि भिवपुरीला टाटा पॉवरचे मिळून २,८०० मेगावॅटचे उदंचन प्रकल्प ठरले आहेत. त्यांची खरी गोम इथे आहे: दुपारची वीज रात्रीपर्यंत नेणं.

इलेक्ट्रोलायझर दिसतो कसा, आत होतं काय?

शाळेत परीक्षानळ्या उलट्या ठेवून पाण्यात दोन तारा सोडायचा प्रयोग केला असेल, तत्त्व तेच. कारखान्यात एका लांबलचक शेडमध्ये गोल किंवा चौकोनी धातूच्या चकत्या एकापाठोपाठ एक उभ्या लावून दोन्ही टोकांना जाड पोलादी तबकड्यांनी आणि लांब बोल्टांनी आवळलेल्या असतात. याला स्टॅक म्हणतात. प्रत्येक दोन चकत्यांमध्ये एक कप्पा, कप्प्याला दोन व्होल्टपेक्षा किंचित कमी दाब. कप्प्यांतून साधारण ३० टक्क्यांचं पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण फिरत राहतं, तापमान ७० ते ९० अंश. हे द्रावण अंगावर उडालं तर कातडी भाजते, म्हणून शेडमध्ये डोळे धुवायचं बेसिन दर काही पावलांवर.

स्टॅकमधून फेसाळलेलं द्रावण वरच्या दोन उभ्या टाक्यांत जातं. एकीत हायड्रोजन सुटा होतो, दुसरीत ऑक्सिजन. हायड्रोजन पुढे वाळवून, उरलासुरला ऑक्सिजन काढून, ९९.९ टक्क्यांच्या वर शुद्ध करतात. किलोमागे ८ किलो ऑक्सिजन निघतो आणि बहुतेक ठिकाणी तो हवेत सोडून देतात. सगळ्यात जास्त आवाज शेजारच्या खोलीतल्या रेक्टिफायरचा (एसी विजेची डीसी करणारं यंत्र) आणि कॉम्प्रेसरचा, स्टॅक बिचारा गप्प असतो.

एक मेगावॅटचं यंत्र तासाला १८ किलो देतं. गेलने मध्य प्रदेशात विजयपूरला १० मेगावॅटचं बसवलं, त्याची क्षमता दिवसाला ४.३ टन. भागून पाहा, किलोला ५५ युनिटच येतात.

पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणावर चालणाऱ्या या ‘अल्कलाइन’ यंत्राची एक खोड आहे. वीज फार कमी झाली, म्हणजे क्षमतेच्या पाव-पंचमांशाखाली गेली, की कप्प्याच्या मधल्या पडद्यातून हायड्रोजन ऑक्सिजनच्या बाजूला झिरपायला लागतो. मिश्रण धोक्याचं होण्याआधी यंत्र स्वतःला बंद करतं. ढग आला की सौर वीज पडते, म्हणून नुसत्या पॅनेलवर हे थेट चालवणं त्रासाचं. पीईएम (द्रावणाऐवजी पॉलिमर पडदा वापरणारं) प्रकारचं यंत्र चढ-उतार चांगले सोसतं, पण त्याला इरिडियमसारखा दुर्मीळ धातू लागतो. जगातली इलेक्ट्रोलायझर बनवण्याची बहुतांश क्षमता सध्या चीनकडे आहे. सौर पॅनेलचं जे झालं ते पुन्हा होऊ नये म्हणून ते ४,४४० कोटी.

आमच्याकडे प्यायला पाणी नाही आणि हे पाणी फोडणार?

हा प्रश्न मराठवाड्यातून येतो तेव्हा त्यात राग असतो आणि तो समजण्यासारखा आहे. हिशोब असा: रासायनिक गरज किलोला ९ लिटर. शुद्धीकरणात वाया जाणारं आणि थंड करायला लागणारं धरून २० लिटर समजा. ५० लाख टनांना १०,००० कोटी लिटर, म्हणजे सुमारे साडेतीन टीएमसी. खडकवासला धरण दोन टीएमसीच्या आतलं, कोयना १०५ टीएमसीचं. अख्ख्या देशाची गरज दोन खडकवासल्यांच्याही आत. एक किलो साखरेमागे उसाला दीड-दोन हजार लिटर पाणी लागतं, हे शेजारी ठेवलं की प्रमाण कळतं.

पण पाणी देशाच्या सरासरीने प्यायचं नसतं. एकाच कोरड्या तालुक्यात मोठा प्रकल्प आला तर तिथे तो जाचणारच. किनाऱ्यावर समुद्राचं पाणी गोडं करायला हजार लिटरला तीन-चार युनिट लागतात. किलोच्या ५५ युनिटांत ही भर नगण्य आहे. त्यामुळे कोकणात प्रकल्प आला तर गोड्या पाण्याची मागणी मान्य करायचं काही कारण नाही. उरलेलं खारं पाणी कुठे सोडणार, हा मच्छीमारांनी विचारायचा प्रश्न.

महाराष्ट्राचं काय धोरण आहे?

राज्य मंत्रिमंडळाने जुलै २०२३ मध्ये ग्रीन हायड्रोजन धोरण मंजूर केलं, ८,५६२ कोटींचं. उद्दिष्ट २०३० पर्यंत वर्षाला ५ लाख टन. धोरणात राज्याची त्यावेळची मागणी ५.२ लाख टन दिली आहे, ती २०३० पर्यंत १५ लाख टनांवर जाऊ शकते असा अंदाज आहे. म्हणजे आपल्याला गिऱ्हाईक शोधत परदेशी जायची गरज नाही, ते तुर्भे, माहुल, तळोजा, थळ या पट्ट्यातच बसलं आहे.

त्यानंतर जानेवारी २०२४ मध्ये सात कंपन्यांशी २.७६ लाख कोटींचे सामंजस्य करार झाले. सामंजस्य करार आणि चालू कारखाना यांतलं अंतर महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको.

गाड्यांचं काय? गडकरी साहेब हायड्रोजनच्या गाडीतून संसदेत गेले होते.

मार्च २०२२ मध्ये, टोयोटा मिराईमधून. गाडी उत्तम आहे. पण छोट्या गाडीसाठी हिशोब बसत नाही. ५५ युनिट घालून एक किलो हायड्रोजन बनवा, दाबून भरायला आणखी तीन-चार युनिट, आणि हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या फ्युएल सेलमधून चाकाला मिळणार सोळा-सतरा युनिट. बॅटरीच्या गाडीत त्याच विजेतली तीन चतुर्थांश चाकापर्यंत पोचते. रोजच्या ऑफिसच्या फेरीसाठी हायड्रोजन नको.

लांब पल्ल्याच्या जड ट्रकचं अजून ठरायचं आहे, आणि ते करून पाहण्यासारखं आहे. केंद्राने मार्च २०२५ मध्ये ३७ बस-ट्रक आणि ९ भरणा केंद्रांचे प्रायोगिक प्रकल्प मंजूर केले, त्यात पुणे–मुंबई मार्ग आहे. टाटा मोटर्सचे ट्रकही चाचणीला निघाले. पुण्याचा वाटा याआधीचा: केपीआयटी आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने मिळून बनवलेली देशी फ्युएल सेल बस ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यातच दाखवली गेली. बोरघाटात भरलेला ट्रक चढवून जी आकडेवारी मिळेल ती कुठल्याही सादरीकरणापेक्षा उपयोगाची.

स्फोट होतो ना याचा?

होऊ शकतो. हवेत ४ ते ७५ टक्के इतक्या रुंद पट्ट्यात हायड्रोजन पेट घेतो, एलपीजीचा पट्टा २ ते १० टक्क्यांचा. पेटायला ठिणगी अगदी बारीक पुरते, आणि ज्वाला दिवसाउजेडी दिसत नाही. त्याच्या बाजूची गोष्ट एकच, पण मोठी: तो इतका हलका आहे की उघड्यावर सुटला तर सरळ वर निघून जातो. एलपीजी जमिनीलगत साचतो तसा साचत नाही. म्हणून शेडच्या छताला वायुविजन आणि सेन्सर असतातच, बंद खोली मात्र घातक. परवाने देणारी ‘पेसो’ ही केंद्रीय संस्था नागपूरला आहे.

मला काळजी जास्त अमोनियाची वाटते. हायड्रोजन साठवणं-नेणं कठीण म्हणून बराचसा माल अमोनियाच्या रूपात हलेल. तो उणे ३३ अंशांना द्रव होतो, जहाजात भरता येतो, पण विषारी आहे. तळोजा-तुर्भ्याच्या लोकांना त्याचा वास ओळखू येतो. नव्या टाक्या येतील तिथे गावाला सायरन कुठला, वाऱ्याच्या कुठल्या दिशेला पळायचं, हे टाकी भरण्याआधी कळलं पाहिजे.

२०३० चं उद्दिष्ट गाठलं जाईल का?

नाही, माझ्या अंदाजाने नाही. आतापर्यंत वर्षाला ८.६२ लाख टनांच्या उत्पादनाची आणि ३,००० मेगावॅट इलेक्ट्रोलायझर निर्मितीची कंत्राटं वाटली गेली आहेत. कंत्राटं, कारखाने नव्हेत. २०२५ च्या अखेरीला मंत्रालयाकडूनही २०३० साठी ३० लाख टनांची भाषा ऐकू आली.

यात आपणच मागे पडलो असंही नाही. जगात वर्षाला सुमारे १० कोटी टन हायड्रोजन वापरला जातो आणि त्यात कमी उत्सर्जनाचा एक टक्काही नाही. २०२५ मध्ये आर्सेलरमित्तलने जर्मनीतली हायड्रोजन पोलादाची योजना सोडून दिली, ऑस्ट्रेलियाच्या फोर्टेस्क्यूने आपले दोन प्रकल्प गुंडाळले. कारण सगळीकडे तेच: जास्त दर देऊन दहा-पंधरा वर्षं घेणारं गिऱ्हाईक नाही. रिफायनरी आणि डीएपी कारखान्यांना ठरावीक टक्के ग्रीन हायड्रोजन घ्यायची सक्ती करायची चर्चा आपल्याकडे मिशनच्या आधीपासून आहे. ती सक्ती, थोड्या टक्क्यांपासून का होईना, आली तर मी माझा अंदाज बदलेन.

यूट्यूबवर पाण्यावर चालणाऱ्या गाडीचं किट दाखवतात. घ्यावं का?

नको. त्यात गाडीच्याच बॅटरीची वीज वापरून पाणी फोडतात आणि तोच वायू इंजिनात जाळतात. बॅटरी भरते इंजिनावर, इंजिन चालतं पेट्रोलवर. प्रत्येक टप्प्यात तोटाच. वर वॉरंटी गेली ती वेगळी.

मुलगा डिप्लोमा करतोय. या क्षेत्रात नोकऱ्या आहेत का?

मिशनच्या कागदात सहा लाखांचा आकडा आहे, त्यावर मुलाची शाखा ठरवू नका. इलेक्ट्रोलायझर प्रकल्प एकदा उभा राहिला की चालवायला फार माणसं लागत नाहीत. केमिकल, इन्स्ट्रुमेंटेशन किंवा इलेक्ट्रिकल पक्कं करू द्या, उच्च दाबाच्या पाइपचं वेल्डिंग आणि प्रोसेस सेफ्टी शिकू द्या. हायड्रोजन नाही आला तरी ही कामं रिफायनरी आणि खत कारखान्यात आहेतच.

हायड्रोजन पंपाची एजन्सी मिळते म्हणे. पाच लाख अनामत मागतात.

देऊ नका. देशात अशी केंद्रं अजून बोटावर मोजण्याइतकी आहेत आणि ती तेल कंपन्या किंवा एनटीपीसीसारख्या संस्था स्वतः चालवतात. फोनवर एजन्सी वाटणाऱ्याकडे पेसोचा परवाना आणि कंपनीचं लेखी पत्र मागा. बहुतेकदा तिथेच फोन बंद होतो. पैसे आधीच गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा, जितका उशीर तितकी रक्कम परत मिळायची शक्यता कमी.